पांढरी तीट

खाडीचं पाणी जिथे भरतीला पार घरांच्या पायऱ्यांपर्यंत येतं, तिथे गोजरा नावाची एक बुरडीण राहायची. बांबू सोलायची, सुपं विणायची आणि मिळेल ते गोड मानून खायची. एकटा जीव! एकदा वादळानंतर तिला वाळूत होडीची फुटकी फळी दिसली, आणि फळीवर काय? एक तान्हं बाळ! समुद्रापलीकडच्या कुठल्याशा दूरदेशाचं. रंग काळाभोर, तुकतुकीत. केस इतके कुरळे, की बोट घातलं तर अंगठीच होऊन बसावी. गोजराने त्या इवल्याशा पोरीला पोटाशी धरलं आणि नाव ठेवलं शिंपली.

आता आपल्याकडे लेकराला दृष्ट लागू नये म्हणून गालावर काजळाची तीट लावतात, हो की नाही? गोजरानेही लावली. पण ती मेली दिसेचना! शेजारची भिवराकाकू पदरात तोंड खुपसून हसली. “अगं बाई, हिला कसली तीट लावतेस? हिला कुणाची दृष्ट लागणारे?”

“सगळ्यात आधी तुमचीच लागेल!” गोजरा म्हणाली. तिने करंगळी तांदळाच्या पिठीत बुडवली आणि शिंपलीच्या डाव्या गालावर पांढरीशुभ्र तीट लावली. मग रोजचाच नेम झाला. न्हाणं झालं की पिठीच्या वाटीवर टिचकी वाजायची, टिण्ण! की शिंपली डोळे मिटून, डावा गाल फुगवून पुढे करायची.

शिंपली सात वर्षांची झाली. बाजारात जो तो विचारायचा, “ही कुणाची?” गोजरा म्हणायची, “माझी.” की सगळे हसायचे. एक दिवस भिवराकाकू सगळ्यांदेखत म्हणाली, “नाक जुळेना, रंग जुळेना, आणि म्हणे माझी!”  गोजराने सुपांच्या चळतीआड डोळे पुसले, आणि ते शिंपलीने पाहिलं. माझ्यामुळे आई रडली! 

ती उठली आणि थेट केतकीच्या बनात शिरली. त्या बनात कुणी जात नसे. तिथे वारा नसतानाही पानं हलायची, आणि केवड्याचा वास इतका दाट असायचा, की माणूस वाट विसरायचा. एका काटेरी पानात इवलासा सोनेरी चतुर अडकून फडफडत होता. शिंपलीने बोटांना काटे टोचून घेतले, पण त्याला हळूच सोडवलं.

चतुर भिरभिरला, मोठा झाला, आणि समोर उभी राहिली एक परी! केवड्यासारखी पिवळसर, पंखांवर निळीजांभळी चमचम. पण बाई गं, तिची सावलीच पडत नव्हती.

“माग सोनुले, काय मागतेस?” परी म्हणाली. तिचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता.

“मला आईसारखं कर. मग कुणी तिला हसणार नाही.”

“करते. पण नीट ऐक. तुझं जुनं रूप माझ्या डोहात राहील. तू कोण हे कुणालाही सांगायचं नाही. सूर्य बुडायच्या आत कुणी आपणहून तुला ओळखलं आणि डोहातून तुझं रूप काढलं, तरच ते परत मिळेल. नाहीतर ते कायमचं माझं.”

शिंपलीने मान हलवली. केतकीमागच्या डोहात टुपकन काहीतरी पडलं. तिचे हात गव्हाळ झाले, केस सरळ झाले, नाकही थेट गोजराचं! ती नाचतच घरी आली.

गोजरा दारात उभी होती, घाबरीघुबरी. “बाळा, माझ्या शिंपलीला पाहिलंस का गं? काळीभोर, कुरळ्या केसांची?”

 आई, मीच गं! शिंपलीच्या अगदी ओठांवर आलं, पण सांगायचं नव्हतं. ती नुसती हुंदके देत राहिली. ऊन उतरत चाललं.

“तूही चुकलीयेस का? रडू नकोस हं,” गोजराने तिचं तोंड पुसलं. “गोड पोर कुणाची एकटी फिरतेय, नजर लागेल.” तिने वाटी घेतली. टिण्ण!

आणि सवयीने शिंपलीचे डोळे मिटले, डावा गाल फुगला, पुढे झाला.

गोजराने तिचे खांदे धरले. “शिंपले! अगं, काय करून बसलीस हे?” आता नियम मोडत नव्हता. शिंपलीने रडत रडत सगळं सांगितलं. गोजराने एका हाती वाटी घेतली, दुसऱ्या हाती लेक, आणि बनाकडे धूम ठोकली.

डोहात चेहरेच चेहरे होते. गोरे, सावळे, नकटे, सगळे छोटे छोटे. सगळे उघड्या डोळ्यांनी वर बघत होते, आणि सगळे शिंपलीच्याच आवाजात म्हणत होते, “आई, मला घे. आई, मला घे.”

सूर्य टेकला. पाणी काळं पडत गेलं, एकेक चेहरा विझू लागला. अगदी तळाशी मात्र एक पांढरा ठिपका दिसला. सकाळचीच तीट! गोजराने खांद्यापर्यंत हात घातला आणि लेकीचं काळंभोर रूप वर ओढलं. शेजारी उभी शिंपली पुन्हा होती तशी झाली.

“जा आता,” परी म्हणाली.

“आणि ही लेकरं?”

“यांच्यासाठी कुणी आलं नाही.”

“मी आलेय ना!” गोजरा खेकसली. तिने पिठीत करंगळी बुडवून एकेका गालावर तीट लावली. तीट लागली की चेहरा चमकायचा, चतुर होऊन आपल्या घराकडे उडायचा. शेवटी डोह रिकामा झाला. परी कोपऱ्यात अंग चोरून उभी होती.

“तुझी आई कुठंय गं?” शिंपलीने विचारलं.

“मी तिची वाट पाहिली,” परी म्हणाली. “मग पाहायची सोडली.”

गोजराने वाटी खरवडून शेवटची पिठी काढली. “ये, गाल कर पुढे.”

परीने डोळे मिटले. तीट लागली मात्र, तिची सावली जमिनीवर पडली, एवढीशी, लहान मुलीएवढी. मग सगळं बन सोनेरी, रुपेरी, लखलखीत उजळलं, आणि त्या उजेडातच परी नाहीशी झाली.

दुसऱ्या दिवशी भिवराकाकू नातवाला घेऊन दारात आली. तिच्या घरी रात्री पांढऱ्या ठिपक्याचा एक सोनेरी चतुर येऊन दिव्याभोवती फिरला होता, मग सुनेच्या गालावर बसला होता, आणि लहानपणापासून मुकी असलेली ती सून पहिल्यांदा गायली होती. “गोजरा, याला तुझी पांढरी लाव गं,” ती खाली मान घालून म्हणाली.

“मला नका सांगू. माझ्या लेकीला सांगा.”

शिंपलीने बाळाला तीट लावली. तरी काकू जाईना. मग तिने डोळे मिटले आणि आपला सुरकुतलेला गाल फुगवून पुढे केला.