सात बटणांचा त्याग

अ‍ॅम्प्लिफायर उचलायला दोन माणसं लागायची, तेव्हाची गोष्ट. वसईचा इनास लग्नांत गिटार वाजवायचा. त्याच्या पायाशी इक्वलायझर पेडल असायचं आणि त्यावर ओळीने सात सरकती बटणं. डावीकडचं खर्जाचं, उजवीकडचं टिपेचं, मधली मधल्या सुरांची. बटण वर सरकवलं की त्याचे सूर मोठे व्हायचे, खाली ओढलं की दबायचे.

एका लग्नात खर्जाचं बटण म्हणालं, "मला वर ने. मांडव हलला पाहिजे." इनास भिडस्त माणूस. त्याने नेलं. मग टिपेच्या बटणाने तोंड फुगवलं, म्हणून तेही वर गेलं. "आम्ही काय परके?" मधल्यांनी विचारलं. थोड्याच वेळात सातही बटणं वरच्या टोकाला जाऊन बसली.

"आता कसं वाटतंय?" खर्जाच्या बटणाने विचारलं.

"मघासारखंच," म्हातारा अ‍ॅम्प्लिफायर म्हणाला. "फक्त मोठ्याने."

इतकं मोठ्याने, की गाणाऱ्या बाई नुसतंच तोंड हलवताना दिसू लागल्या. नवरीची मावशी तरातरा आली. "इनास, हे थांबव, नाहीतर मी वायर उपटते."

इनासने घाईघाईने सगळी बटणं मध्यावर आणली. डावीकडून तिसरं फार घुमत होतं, तेवढं त्याने खाली ओढलं. गिटार एकदम स्वच्छ वाजू लागली. बाईंचे शब्दही कळू लागले. मावशी नाचली.

"केवढा त्याग!" बाकीची बटणं तिसऱ्याला म्हणाली. रात्रभर त्याचंच कौतुक चाललं होतं.

पुढच्या लग्नात खर्जाचं बटण म्हणालं, "आज आधी मला खाली ने." इनास अजून भिडस्तच होता. थोड्याच वेळात सातही बटणं तळाला जाऊन बसली.

"आता?" त्यांनी विचारलं.

"तसंच," अ‍ॅम्प्लिफायर म्हणाला. "फक्त हळू."