राणबाचं पागोटं

कुत्र्यालासुद्धा कामापुरता मामा म्हणायचे, त्या काळची गोष्ट. राणबा शिकाऱ्याचा कुत्रा बिजल्या लंगडायला लागला, तसं राणबानं त्याला उपाशीच माळावर सोडून दिलं. सगुणा कुंभारणीनं त्याला घरी आणलं, पायाला हळद बांधली, ताक-भाकरी घातली. बिजल्या इतका सुस्तावला, की माळावरचा ससा रोज येऊन खोडी काढायचा, "अहो शिकारी, धावा की जरा! माझं अंग आखडलंय."

पाय बरा झाल्याचं कळताच राणबा हजर झाला. "कुत्रा माझा आहे!"

"कशावरून?" सगुणानं विचारलं.

"शिकारी कुत्रा शिकार आपल्या धन्याच्याच पायाशी टाकतो. बघच आता!" राणबानं सशाकडे बोट दाखवून शीळ घातली.

बिजल्या ताडकन उठला. ससा "मेलो!" म्हणत मडक्यात शिरला. पण बिजल्यानं उलटी उडी मारली, राणबाच्या डोक्यावरचं पागोटं दातात धरलं आणि नेऊन सगुणाच्या पायाशी ठेवलं.

"नियम तुमचाच हं, राणबा," मडक्यातून आवाज आला.

सगुणानं पागोटं झटकून राणबाच्या हातात दिलं.

"घेऊन जा बाबा. आमच्यात शिकार खात नाहीत."