जाळीपुढचा पहिलवान

गोल्फच्या काठ्या एकमेकींशी बोलायच्या, त्या काळची गोष्ट. दाभाडेतात्यांनी लांब मारायची नवी काठी घेतली, मोठ्या डोक्याचा ड्रायव्हर. मैदानावर त्याचे पहिले दोन्ही चेंडू झाडीत गेले. तात्या म्हणाले, "आणखी एकदा बघतो, नाहीतर परत करतो."

पिशवीत नवा रडू लागला. "दुकानात तात्यांनी मारून बघितलं, तेव्हा तर मी केवढ्या जोरात मारत होतो!"

"एवढं मोठं डोकं घेऊन रडतोस काय?" शेजारचा जुना ड्रायव्हर म्हणाला. "तिथं समोर जाळी होती, लेकरा. चेंडू कुठं गेला असता, ते कुणाला दिसलं?"

"मग आता काय करू, आजोबा?"

"तात्यांचे हात म्हातारे झालेत. त्यांना ओढू नकोस, त्यांच्याबरोबर फिर."

पुढच्या फटक्याला नवा सावकाश फिरला. चेंडू फार लांब गेला नाही, पण सरळ गवतावर पडला. तात्यांनी हसून त्याचं डोकं रुमालानं पुसलं आणि त्याला पिशवीत ठेवलं.

"ये," जुना सरकत म्हणाला, "आता रोजचीच सोबत."