टिपकीचं डबकं आणि ढुशीची लढाई

एक होता बांध. बांधाखाली होती आळी. आळीत सगळे शेजारी शेजारी.

कुणाचं कुणावाचून चालायचं नाही, बरं का! बदकदादा विहिरीवरून पाणी आणायचे. शेळीकाकूंच्या चुलीतला विस्तव घरोघर जायचा. गाढवमामा बाजाराचं ओझं आणायचे. कोंबडीताई विरजण द्यायची. रोज एक चमचा. वाटी पुढे केली की झालं!

आणि आळीच्या टोकाला राहायची टिपकी बेडकी. एवढीशी! चिंचोक्याएवढी! ती काय करायची? डास खायची. चट! चट! चट! सगळ्यांच्या दारातले डास टिपकीच्या पोटात.

टिपकीचं होतं एक डबकं. डबक्यात तीन पिल्लं. शेपटीवाली. वळवळ वळवळ!

आळीत एक घूस होती. नाव ढुशी. ढुशीचं बीळ केवढं मोठं! पुढचं दार, मागचं दार, मधे सतरा वाटा. तरी तिला शेजारच्या सशाचं अंगण हवं झालं. का तर म्हणे, तिथं ऊन छान पडतं!

"सशा, अंगण दे!"

"नाही देत जा!"

झालं. लढाई सुरू! ढुशीनं सशाची भिंत पोखरली. खसाखसा खसाखसा! सशानं लाथा झाडल्या. धपाधप धपाधप! माती उडाली इकडे. माती उडाली तिकडे. आणि धप्पकन माती पडली कुठं?

टिपकीच्या डबक्यात!

डबकं बुजलं. टिपकीनं पिल्लं उचलली. एका करवंटीत ठेवली. करवंटीत पाणी थोडंसंच. वर कडक ऊन.

टिपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक!

"ढुशीमावशी, ढुशीमावशी, डबक्यातली माती काढ!"

"चल हो बाजूला! लढाई आहे, लढाई! लढाईत माती उडायचीच."

खसाखसा खसाखसा!

टिपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक! गेली कोंबडीताईकडे.

"कोंबडीताई, कोंबडीताई, ढुशीचं विरजण थांबव!"

"का गं बाई?"

"ढुशी माती काढेना,
डबकं माझं उघडेना,
पिलांना पाणी पुरेना!"

"अगंबाई! पण मी नाही हं थांबवणार. तिचं बीळ माझ्या खुराड्याला लागून. उद्या माझ्याकडे वळली म्हणजे? आधी बदकानं पाणी थांबवू दे. मग मी थांबवीन."

टिपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक! गेली बदकदादांकडे.

"बदकदादा, बदकदादा, ढुशीचं पाणी थांबवा!"

"का गं बेडके?"

"कोंबडी विरजण थांबवेना,
ढुशी माती काढेना,
डबकं माझं उघडेना,
पिलांना पाणी पुरेना!"

"असं होय! पण मी नाही थांबवणार. माझ्याशी ती चांगली आहे बुवा. उगीच वाईटपणा कोण घेईल? आधी शेळीनं विस्तव थांबवू दे. मग मी थांबवीन."

करवंटीतलं पाणी झालं अर्धं.

टिपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक! गेली शेळीकाकूंकडे.

"शेळीकाकू, शेळीकाकू, ढुशीचा विस्तव थांबवा!"

"का गं पोरी?"

"बदक पाणी थांबवेना,
कोंबडी विरजण थांबवेना,
ढुशी माती काढेना,
डबकं माझं उघडेना,
पिलांना पाणी पुरेना!"

"बाई, बाई, बाई! पण मी नाही थांबवणार. त्या ढुशीच्या तोंडी कोण लागेल? आधी गाढवानं ओझं थांबवू दे. मग मी थांबवीन."

टिपकी निघाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक! गेली गाढवमामांकडे.

"गाढवमामा, गाढवमामा, ढुशीचं ओझं थांबवा!"

"का गं भाची?"

"शेळी विस्तव थांबवेना,
बदक पाणी थांबवेना,
कोंबडी विरजण थांबवेना,
ढुशी माती काढेना,
डबकं माझं उघडेना,
पिलांना पाणी पुरेना!"

गाढवमामांनी कान हलवले. एक इकडे, एक तिकडे.

"मी कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. आधी कोंबडीनं विरजण थांबवू दे. मग मी थांबवीन."

आं? पुन्हा कोंबडी?

टिपकी थांबली. कोंबडी म्हणते बदक. बदक म्हणतं शेळी. शेळी म्हणते गाढव. गाढव म्हणतं कोंबडी. गोल गोल राणी झाली की!

टिपकीनं परत येऊन करवंटीत पाहिलं. पाणी गेलं तळाला. तीन शेपट्या एकमेकींना चिकटल्या.

टिपकीनं गाल फुगवले. "डराँव! सगळे म्हणतात, आधी तो, आधी ती. मग आधी मीच!"

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक! टिपकी गेली थेट ढुशीच्या दारात.

"ढुशीमावशी, आजपासून तुझे डास मी खाणार नाही!"

ढुशी हसली. खी खी खी! "एवढासा चिंचोका! नको खाऊस जा!"

टिपकीनं पाठ फिरवली. आणि आले की डास! गुँई गुँई गुँई! नाकावर चावले. कानावर चावले. शेपटीच्या शेंड्यावर चावले! ढुशी एका हातानं खणते, एका हातानं खाजवते.

कोंबडीताई खुराड्यातून बघत होती. मान लांब करून. सगळं बघितलं हो तिनं!

"बाई गं! एवढीशी टिपकी, तिला भीती नाही. आणि मी एवढी मोठी!"

इतक्यात ढुशी आली वाटी घेऊन. "कोंबडे, विरजण दे."

"नाही देणार! आधी माती काढ."

कोंबडीनं थांबवलं? मग गाढवमामांनीही ओझं उतरवलं. धप्प! भर रस्त्यात! गाढवानं थांबवलं? मग शेळीकाकूंनी विस्तव झाकला. फुस्स! शेळीनं थांबवलं? मग बदकदादा घडा घेऊन वाटेतच बसले. फतकल!

आता ढुशीच काय म्हणते, ऐका.

"टिपकी डास खाईना,
कोंबडी विरजण देईना,
गाढव ओझं आणीना,
शेळी विस्तव देईना,
बदक पाणी आणीना,
माझं काही चालेना!"

ससा दार लावून घरात गेला. ढुशी बसली सशाच्या अंगणात. ऊन छान होतं. पण बोलायला कुणी नाही. दूध होतं, दही नाही. चूल होती, विस्तव नाही. डास मात्र होते. गुँई गुँई गुँई!

"जळ्ळं मेलं ते अंगण!" ढुशी उठली.

खसाखसा खसाखसा! पण आता काय करत होती? डबक्यातली माती काढत होती! काढली, काढली, सगळी काढली. बदकदादांनी घडा ओतला. घळाघळा घळाघळा!

टिपकीनं करवंटी कलती केली.

डुबुक! एक पिल्लू.
डुबुक! दुसरं पिल्लू.
आणि तिसरं? ते जरा लाजलं. मग... डुबुक!

वळवळ वळवळ वळवळ!

बदकदादांनी पाणी दिलं. शेळीकाकूंनी विस्तव दिला. गाढवमामांनी ओझं उचललं. ढुशी वाटी घेऊन आली कोंबडीताईकडे.

"विरजण संपलं गं," कोंबडीताई म्हणाली. "सशाकडे आहे बघ."

सशाकडे! ढुशीचं तोंड झालं एवढंसं. पण दही तर हवं. गेली. टक टक!

सशानं दार उघडलं. बोटभरच.

"काय हवंय?"

"चमचाभर विरजण..."

"भिंत बांधलीस?"

"बांधते."

"बांध, मग ये."

ढुशीनं भिंत बांधली. थाप थाप! लिंपून काढली. सर्र सर्र! मग सशानं विरजण दिलं. आपल्याच वाटीत घालून दिलं.

"आणि हे बघ ढुशे, शेजारची वाटी रिकामी परत करायची नसते, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे रे बाबा!"

दुसऱ्या दिवशी वाटी परत आली. वाटीत काय होतं? एक लालबुंद गाजर! सशानं दार उघडलं. आता मात्र पूर्ण.

आणि टिपकी? टिपकी ढुशीच्या दारात बसली. एका दिवसात डास केवढे साठलेले! चट! चट! चट! पोट झालं टम्म.

ढुशीच्या घरी दही लागलं, डबक्यात पिलांचा डोळा लागला. आता तुमचाही लागू दे. टुणुक... टुणुक... टुणुक...