बोरकुटे सरांची सात वाक्यं

“यातलं कुठलं पाठवू, सर?”

बोरकुटे सरांनी कागद पुढे धरला. त्यांना शाळेत शिकवलेले वासेकर गुरुजी अंगणात खाटेवर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी कागदाकडे पाहिलंही नाही.

“वाच.”

बोरकुटे म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे. तीस वर्षं इंग्रजी व्याकरण शिकवलेलं. जर-तरचं एक वाक्य द्या, अर्थाला धक्का न लावता सात तऱ्हांनी फिरवून देतील. तालुक्यातली निम्मी पोरं त्यावर पास झाली. याचा त्यांना थोडा ताठाही होता, खोटं कशाला बोला? पण आज माणूस पार गळून गेला होता. आठ दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता.

त्यांच्या मुलीनं, वृषालीनं, दोन वर्षांपूर्वी आपल्या मर्जीनं लग्न केलं. तेव्हापासून बाप-लेकीचा अबोला. आता जावयाची बदली गुवाहाटीला झाली होती आणि रविवारी त्यांची गाडी होती. जाण्याआधी येऊ का, असं तिनं पत्रानं विचारलं होतं. सरांना पोरीची आठवण येत होती, फार येत होती. पण उत्तर काही जमत नव्हतं.

“‘माफी मागितलीस तर ये,’” सरांनी वाचलं.

“पुढचं.”

“‘माफी मागितल्याशिवाय येऊ नकोस.’”

“पुढचं.”

“‘माफी मागणार असशील, तरच दार उघडं आहे.’ ...हे जरा मऊ वाटतं, नाही?”

गुरुजींनी टरफल बाजूला टाकलं. “सगळी वाच.”

सातही वाचून झाली. आपल्याच वाक्यांचा त्यांना वीट आला.

“आज वार कोणता रे?”

“शुक्रवार.”

गुरुजींनी आणखी एक शेंग फोडली.

“सर, काहीतरी बोला ना.”

“तिचं पत्र दाखव.”

सर घुटमळले. मग खिशातून घडी काढली. पत्र इंग्रजीत होतं. घरची शिस्तच तशी होती: सहलीची परवानगी असो की रुसवा, बाबांना लिहायचं ते इंग्रजीतच.

गुरुजींनी चष्मा लावला. पत्रभर तांबडी शाई. ‘बाबा, तुम्ही बोलावलंत तर मी लगेच येईन,’ या ओळीखाली दोन रेघा, वर दुरुस्ती. ‘मला तुमची आठवण येते’ याच्यापुढे एक स्वल्पविराम घातलेला.

“हे तू केलंस?”

“सवय हो, सर... हात थांबत नाही. नेमकी जर-तरमध्येच चुकली. माझी पोर असून!”

गुरुजींची नजर पत्राच्या तळाशी गेली.

“आणि खाली हा आकडा कसला?”

सरांना एकदम लाज वाटली. मान वर होईना.

“दहापैकी... तीन.”

गुरुजींनी सात वाक्यांचा कागद मांडीवर पसरला. त्यात शेंगांची टरफलं भरली, नीट पुडी बांधली आणि सरांच्या हातात दिली.

“नापास झालेली पोर संध्याकाळी कुणाच्या घरी जाते रे, बोरकुटे?”