जिभेला चिकटलेला दगड

फार फार वर्षांपूर्वी, पीठ घरच्या जात्यावरच निघायचं आणि गिरणीचं नावही कुणी ऐकलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. चांद्याकडच्या वाकसरी गावात भागरथा टाकीवाली राहायची. टाकीवाली म्हणजे काय, हेही आता सांगावं लागतं बघा! जातं दळून दळून गुळगुळीत झालं की दाणे नुसते घसरतात. मग छिन्नी-हातोडी घेऊन त्याच्यावर बारीक खाचा पाडायच्या, त्याला टाकी लावणं म्हणतात. भागरथा दारोदार फिरून ते काम करायची.

पण तिचं नाव झालं ते वेगळ्याच कारणानं. तिला दगड कळायचा. नांगराच्या फाळाला काही विचित्र लागलं, नाल्यात काही चमकलं, की लोक ते ओच्यात घालून तिच्याकडे आणायचे. ती आधी हातोडीनं वाजवून बघायची, आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही तर सरळ जीभ लावायची. ही गारगोटी, हा अकीक, आणि हे बघा, हे झाड होतं, मरून दगड झालंय. एक जण हिरा सापडला म्हणून खडा कमरेला बांधून आला, तर तिनं तो चाटला आणि म्हणाली, घरी ने आणि याच्यानं कोंबड्या हाकल. फटकळच होती बाई! वस्तू जिभेला चिकटली, तर मात्र ती गंभीर व्हायची. हाड कितीही जुनं झालं, दगडासारखं झालं, तरी ते जीभ धरून ठेवतं. तिचं कधी चुकलं नाही, असं म्हणतात.

तिला एक धाकटा भाऊ होता, सोनबा. आईबाप गेल्यावर तिनंच त्याला कडेवर वाढवलं. सोनबा विहिरी खोदायचा. वाकसरीला पाणी नव्हतं, म्हणून त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं, पैकूनं, गावासाठी विहीर खोदायला घेतली. काम अर्ध्यावर आलं आणि दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. तुला इथंच गाडतो, असं सोनबा रागाच्या भरात सगळ्यांदेखत बोलून गेला. दुसऱ्या दिवसापासून पैकू दिसेनासा झाला. रुसून गेला असेल, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग पाऊस आला आणि काठ ढासळून विहीर अर्धी बुजली.

उन्हाळ्यात सोनबानं गाळ उपसायला घेतला. उपसता उपसता तळाशी तळहाताएवढं पांढुरकं काहीतरी उघडं पडलं. काठावरची एक बाई म्हणाली, हे तर हाड दिसतंय. सोनबा हसला. दगड आहे, म्हणाला. काठावर कुणीच हसलं नाही. पैकूचं नाव कुणी घेतलं नाही, तरी सगळ्यांच्या डोळ्यांत तेच नाव होतं. सोनबाच्या तोंडचं पाणी पळालं. पाटलांनी निवाडा दिला की भागरथेला बोलवा, ती सांगेल ते खरं.

हे ऐकलं आणि सोनबाचा जीव भांड्यात पडला. अक्काच येणार ना! दगड असला तर ती दगड म्हणेलच. आणि समजा चिकटला, तरी सख्ख्या भावासाठी एक शब्द फिरवायला तिचं काय जातं?

भागरथा पदर खोचून विहिरीत उतरली. तिनं हातोडीनं वाजवलं, मग गुडघ्यावर बसून जीभ लावली. जीभ अशी चिकटली की सोडवताना रक्त आलं, असं म्हणतात. तिनं तोंड पुसलं आणि भावाकडे बघितलं. सोनबानं 'नाही म्हण' अशी मान हलवली, एवढीशीच, तिला कळेल अशी.

"हाड हाये," भागरथा म्हणाली.

सोनबाच्या पायाखालची जमीन सरकली. सख्खी बहीण! वर एकच गलका झाला. चौघे जण खाली उतरले आणि त्यांनी मोटेच्या दोरानं त्याचे हात बांधले, तरी तो वेड्यासारखा तिच्याकडेच बघत होता. भागरथेनं हातोडी उचलली आणि गलक्यावर आवाज चढवला.

"हाड हाये म्हटलं मी. कोणाचं, ते कुठं सांगतलं? पुरं उकरा."

लोक उकरू लागले. उकरतात, उकरतात, पण हाड काही संपेना! खोदणारे सरकत सरकत विहिरीच्या पलीकडच्या भिंतीला टेकले, तेव्हा कुठं त्याचं टोक लागलं, आणि ते टोक रांजणाएवढं. मांडीचं हाड आहे, हे बोकड कापणाऱ्या कुणालाही कळलं असतं. पण एवढी मांडी कुणाची? लोकांच्या हातातल्या पहारी गळाल्या. पाटलांची बोबडी वळली. आणि ते हाड जरा हलवताच खालून पाण्याचा असा झरा फुटला की उभ्या माणसांच्या गुडघ्याला पाणी लागलं, असं म्हणतात.

सोनबाचे हात सोडले. तो रडत हसत बहिणीकडे गेला.

"अक्का, तुले ठाऊक होतं ना, एवढं मोठं हाये म्हणून?"

"नाय," भागरथा म्हणाली. "मले वाटलं, पैकूच हाये."

सोनबा तिथंच पाण्यात मटकन खाली बसला.

पुढं पैकू परत आला, चांगला धडधाकट, बायको घेऊन, आणि आपली पहार कुठाय म्हणून विचारू लागला. भागरथेनं त्याला जेवू घातलं आणि जेवण होईपर्यंत शिव्या घातल्या. सोनबा मात्र बहिणीशी कितीतरी दिवस बोलला नाही. मग एका सकाळी त्यानं त्या हाडाचा एक तुकडा आणला आणि विहिरीच्या काठावर स्वतःच्या हातानं चुन्यात बसवला. तिला नुसतं म्हणाला, अक्का, बघ, सरळ बसलाय का.

वाकसरीत आजही साक्ष द्यायची ती त्या तुकड्याला जीभ लावून. भागरथेची साक्ष म्हणतात तिला. दुसऱ्या गावांत रक्ताच्या माणसाची साक्ष कुणी धरत नाही, वाकसरीत आधी तीच मागतात. ज्याच्यावर आळ आलाय तो समोर उभा असतो, त्याचे हात बांधायचे नाहीत हा सोनबानं घालून दिलेला नेम आहे. मग त्याची आई म्हणा, बहीण म्हणा, काठावर येऊन वाकते, आणि तिची जीभ सुटेपर्यंत गावात कुणी बोलत नाही.