रुतलेला मावळा

फार मागे, मातीच्या चित्रांना बोलता यायचं तेव्हाची ही गोष्ट. गोदीनं दिवाळीत अंगणात किल्ला केला, त्यावर अळीव पेरले आणि मातीचे मावळे मांडले. त्यातल्या एकाचा पाय मोडलेला, तो काही केल्या उभा राहीना. मग तिनं त्याला गुडघाभर ओल्या मातीत रोवला.

जरीच्या पागोट्याचा किल्लेदार हसून म्हणाला, "काय रे, तू मावळा की अळिवाचं रोप?"

"पाणी शिंपडतात तेव्हा गार वाटतं, सरकार," मावळा म्हणाला.

पुढं शेजारच्या बापूनं आपली फौज आणून वेढा घातला. गोट्या म्हणजे तोफगोळे. सगळे मावळे पडले तर किल्ला बापूचा, एक जरी उभा राहिला तर गोदीचा.

पहिल्याच गोटीनं किल्लेदार तोंडघशी पडला. मग बाकीचेही धडाधड आडवे झाले. गोदी रडकुंडीला आली. शेवटची गोटी थेट रुतलेल्या मावळ्याच्या कमरेवर बसली. तो हलला, पण माती काही त्याला सोडीना.

"किल्ला माझा!" गोदी नाचायलाच लागली.

किल्लेदार खालूनच हळू आवाजात म्हणाला, "रोपटेराव, पुढल्या दिवाळीला तुमच्या शेजारी माझीही जागा धरा हो. गुडघाभर खड्डा पुरे."